दोन रकान्यांचा कागद

रूसे शहराच्या स्टेशनजवळच्या भुयारी मार्गात माझं चाव्यांचं दुकान आहे, आणि त्याला लागून स्तामेनचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं. मधली भिंत पातळ आहे. तो शिंकला तरी मला कळतं.

स्तामेन गोचेव म्हणजे उंच, वाकलेला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस. कॉम्प्युटर दुरुस्त करणारे गावात आणखीही होते, पण लोक याच्याकडे यायचे ते कागदासाठी. दोन ग्राफिक्स कार्डांची नावं सांगायची. तो कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारायचा आणि दोन्ही बाजूंना आकडे लिहीत जायचा. हिशेब करणारे गाभे किती, वेग किती, मेमरी किती, सेकंदाला किती माहिती वाहून नेईल. मग गुणाकार करून खाली उत्तर. कार्ड हातात घ्यायचीसुद्धा गरज नसायची.

देतेलिन हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. रात्री बेकरीत काम करायचा आणि दिवसा झोपेतून चोरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर एक चलचित्र बनवायचा. बारा मिनिटांच्या त्या चित्रावर त्याची चार वर्षं गेली होती. मागच्या जानेवारीत तो आला, टोपीवर पीठ तसंच.

"सोयरीक जुळवायला आलोय," म्हणाला. "दोन मुली आहेत. एक नवी, साधी. दुसरी वापरलेली, पण तगडी."

"तुला कुणी देईल का मुलगी?" स्तामेन म्हणाला आणि रेघ मारली.

मी कॉफी घेऊन तिथेच उभा होतो. पहिलं कार्ड सेकंदाला पावणेतेरा लाख कोटी हिशेब करणारं, दुसरं जवळजवळ तीस लाख कोटी. स्तामेननं तीसखाली दोन रेघा ओढल्या. सगळ्यात तळाशी बारीक अक्षरात लिहिलं: वीज, एकशे सत्तर वॅट आणि तीनशे वीस वॅट.

"दुसरं घे. तुझा पॉवर सप्लाय पुरेल ना?"

"साडेसातशेचा आहे. डब्यावर लिहिलंय."

"मग झालं."

देतेलिननं चित्राची एक प्रत डिस्कवर घालून त्याच्याकडे ठेवली, कार्डाला एकेक चौकट रंगवून ते पूर्ण करायला किती दिवस लागतील याचा अंदाज काढायला. आणि दुसरं कार्ड घेतलं.

फेब्रुवारीत एका दुपारी तो बेकरीतून येऊन झोपला होता. कॉम्प्युटर चालू होता. आई बाजारात गेली होती. चौथ्या मजल्यावरून धूर येताना ट्रॉलीबसच्या तारांचं काम करणाऱ्या माणसांनी पाहिला. देतेलिनला भाजलं नव्हतं. धुरानंच गेला. अग्निशमनवाल्यांनी लिहून दिलं, आगीचं कारण निश्चित करता येत नाही. त्या इमारतीतल्या भिंतींमधल्या तारा पन्नास वर्षांच्या होत्या.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो छापून दारांवर, खांबांवर चिकटवतात. चाळिसाव्या दिवशी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा. देतेलिनचा कागद भुयारी मार्गात नेमका स्तामेनच्या काचेसमोर लागला. टोपी घातलेला, हसणारा.

स्तामेननं कागदावर लिहिणं बंद केलं. कुणी दोन नावं घेऊन आलं तर "मला नाही माहीत" म्हणायचा. एके दिवशी दुपारी भिंतीवर टकटक केली.

"दादा, हा पंखा तुझ्याकडे चालू आहे का?"

"कसला पंखा?"

"कार्डाचा. जोर लावल्यावर वाजतो ना, तसा."

मी त्याच्या दुकानात गेलो. सगळी बटणं बंद होती. प्लग काढून जमिनीवर ठेवलेले. मला काही ऐकू आलं नाही. तो मात्र मान तिरकी करून ऐकत होता, शेजारच्या खोलीतलं बाळ रडतंय का ऐकावं तसा.

एप्रिलमध्ये त्यानं पहिलं कार्ड आणलं, देतेलिननं न घेतलेलं. एका गिऱ्हाइकाचं, देतेलिनच्या कार्डासारखंच कार्ड दुरुस्तीला आलं होतं. त्यानं चित्राचा तोच तुकडा दोन्हींवर चालवून पाहिला. संध्याकाळी माझ्याकडे आला तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता.

"कागदावर सव्वादोन पट," म्हणाला. "प्रत्यक्षात दीड पटसुद्धा नाही. मला हे ठाऊक होतं, दादा. कागदावरचा आकडा कधीच खरा होत नसतो. पण तीसचा आकडा दिसला आणि मला मोह झाला."

मे महिन्यात त्यानं ते चित्र पहिल्या कार्डावर पूर्ण करायला घेतलं. फक्त दुकान उघडं असताना. मिनिटभरही सोडून जायचा नाही. जेवण मी आणून द्यायचो. दर तासाला तारेला हात लावून बघायचा, गरम झाली का.

देतेलिनची आई वासिल्का ऑगस्टमध्ये सहा महिन्यांचा कागद चिकटवायला आली. हातात गोंदाची बाटली आणि त्याच्या नावानं वाटायचे, साखर-अक्रोड घातलेल्या उकडलेल्या गव्हाचे पेले. एक मला दिला, एक स्तामेनला. स्तामेन उठला.

"मावशी, आत या. त्याचं चित्र झालंय."

बारा मिनिटं. नदीवरची होडी, धुकं, होडीत पाठमोरी बसलेली बाई. तिचा डावा खांदा जरा खाली झुकलेला, अगदी वासिल्काचा झुकतो तसा. ती बघत राहिली. पेल्यातला चमचा हातातच राहिला.

चित्र संपल्यावर स्तामेन उभ्या उभ्याच म्हणाला, "मावशी, ते कार्ड मीच घ्यायला सांगितलं होतं. पहिलं सांगितलं असतं तर..."

"गप्प बस," ती म्हणाली. "घराच्या पॅसेजमध्ये पंख्याचा हीटर होता. बाजारात जाताना मी बंद केला की नाही, मला आठवत नाही. सहा महिने आठवतेय. हात बटणाकडे जातो इथपर्यंत आठवतं. पुढचं नाही."

"हीटरनं नाही झालं ते."

"तुला काय माहीत?"

"मग कार्डानं झालं नाही हे तुम्हाला काय माहीत?"

"मला माझं पोरगं माहीत आहे!" ती ओरडली. "तू नाही म्हणाला असतास तरी तेच घेतलं असतं त्यानं. लहानपणापासून नको म्हटलं की मुद्दाम तेच करायचा."

स्तामेन खाली बसला आणि रडला. पातळ भिंतीमागे इतकी वर्षं बसूनही मी ते कधी ऐकलं नव्हतं. वासिल्का त्याच्या पाठीवर हात फिरवत नव्हती. नुसती शेजारी बसून होती, आणि तिचे ओठ हलत होते. बहुतेक ती पुन्हा हीटरपाशी गेली असावी.

आता तो पुन्हा आकडे लिहितो, पण आधी माणसाच्या घरी जातो. पॉवर सप्लाय उघडतो, भिंतीतल्या तारा बघतो, आणि पटलं नाही तर दोन्ही कार्डांना नाही म्हणतो. गिऱ्हाइकं चिडतात, कमीही झालीत. वासिल्का मंगळवारी येते आणि चित्र लाव म्हणते. तो लावतो. होडी धुक्यात जाईपर्यंत दोघं बघत बसतात.

पंखा अजून ऐकू येतो का, असं मी एकदा विचारलं.

"येतो," स्तामेन म्हणाला. "मावशींनाही येतो. त्या म्हणतात, हीटरचा आहे."