नाटकातली चेटकीण

मित्रांनो, सकाळपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

कॉलेजात असताना मी गावातल्या दिवाळीनंतरच्या मंडईसाठी, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेसाठी, नाटक लिहिलं होतं. यंदा गावातल्या नाटक मंडळाला ते पुन्हा करायचं आहे. वहीतली शाई फिकी पडली आहे, म्हणून मी संवाद मोठ्याने बोलून मोबाईलमध्ये उतरवत होतो. गावाहून आलेली काकू शेजारी भाजी निवडत होती.

चेटकिणीचा प्रवेश संपवून मी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, तेवढ्यात काकू म्हणाली, "हे तर शेवटच्या घरची लंगडी बाई होय ना रे?"

"हो. लोक म्हणतच होते ना तिले चेटकीण?"

"कोण म्हणे? तुह्या नाटकापासूनच म्हणून राहिले. अजूनही तिच्या घरचं पाणी कोणी पेत नाही."

ती बाई तिथे एकटी राहते. आपण लोकांचंच ऐकून लिहिलं, असं मी इतकी वर्षं मानत होतो.

प्रवेश डिलीट करायला गेलो, तर खाली चेटकिणीचं काम करणाऱ्याचं उत्तर आलं होतं: "मस्त भाऊ. लंगडायची प्रॅक्टिस सुरू केली."

मंडळाच्या अध्यक्षांना फोन करून नाटक थांबवा म्हटलं. ते हसले. "काऊन घाबरता भाऊ? नाटकच तर आहे."

उद्या गावी जातो आहे. आधी मंडळाकडे जाऊ, की तिच्या दारात? आणि तिला काय सांगू?