काडेपेटीतली तार

मास्तर कुठेही कान लावायचा. भिंतीला, दुधाच्या किटलीला, शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या दाराला. समोर माणूस बोलत असला तरी त्याच्या तोंडाकडे न बघता छातीकडे मान तिरकी करून उभा राहायचा. असल्या माणसाला आमच्या गल्लीत कोणी खोली दिली नसती. मी दिली, कारण तो मुरगूडच्या माझ्या मावसबहिणीच्या ओळखीने आला होता, आणि ओळखीच्या माणसावर नजर ठेवणं सोपं असतं.

शाहूपुरीच्या मागच्या अंगाला आमचं घर. खाली गोठ्यात चार म्हशी, वर माडीची एक खोली. मालक गेल्यापासून गोठा मीच बघायची. म्युनिसिपालटी गावातले गोठे बाहेर हलवणार, अशी बोलवा तेव्हा उठली होती. त्यात हा तरुण मनुष्य एक ट्रंक कपड्यांची आणि दोन ट्रंका वायरींच्या घेऊन आला, आणि आल्या आल्या गोठ्याच्या दारात उभा राहून डोळे मिटून म्हशींचं रवंथ ऐकत बसला. म्हशींची टेहळणी करायला कोणीतरी पाठवलाय, असं मी मनात धरलं. पुढे पुष्कळ दिवस ते मनातून गेलं नाही.

तो इंजिनीअरिंगच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा आणि संध्याकाळी खोलीत संशोधन करायचा. कसलं, म्हणून विचारलं तर म्हणाला, काळजाचे ठोके यंत्राला ऐकवायचे. खूप ठोके ऐकवले की चांगलं काळीज कुठलं आणि बिघडलेलं कुठलं हे यंत्र आपलं आपण ओळखायला शिकतं. मग डॉक्टर काय करणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, जिथे डॉक्टर पोचत नाही तिथे हे पोचेल. मला हे उत्तर फार गोड वाटलं, आणि गोड उत्तर देणारा माणूस मला चालत नाही.

गल्लीतली माणसं मात्र हौसेने वर जायला लागली. कॉम्प्युटरला त्याने एक लाकडी पेटी जोडली होती. पेटीवर दोन दिवे. काळीज ठीक असलं की हिरवा, नसलं की लाल. मी चौथी शिकलेली, पडद्यावरचं इंग्रजी मला कळत नसे. पण दिवे कळत. बायका जायच्या तेव्हा मी जिन्यात बसून राहायची. तो ऐकायचं यंत्र बाईच्याच हातात द्यायचा, पदराखाली कुठे धरायचं ते सांगायचा आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. वागणं चांगलं होतं. तरी मी जिना सोडला नाही.

शेजारच्या मालूला लाल दिवा लागला. ती रडतच दवाखान्यात गेली. काळजाची एक झडप लहानपणापासून नीट मिटत नव्हती, असं तिथे निघालं. तेव्हापासून गल्ली मास्तरला डोक्यावर घेऊन नाचायला लागली. कोणी काहीही विचारलं, लग्नाचं, आजाराचं, फॅनच्या खडखडाटाचं, की तो एकच म्हणायचा, "ऐकून बघू या." मालू मला म्हणाली, "आक्का, तू तरी ऐकवून घे की." मी म्हटलं, माझं काळीज मला रोज ऐकू येतं.

मग चंद्रीचं झालं.

चंद्री माझी सगळ्यात दुधाळ म्हैस. दोन्ही वेळचं मिळून घरातलं निम्मं दूध तिचं. घर तिच्यावर उभं होतं म्हटलं तरी चालेल. ती एकदम वैरण टाकायला लागली. पुढचे पाय फाकून उभी राहायची, बसताना कण्हायची. दूध निम्म्यावर आलं. मालू म्हणाली, जनावरांच्या डॉक्टरला बोलव. मी बोलावणारही होते. पण वर माडीवर यंत्र होतं आणि मालूचं खरं ठरलं होतं. मी मास्तरला हाक मारली.

तो खाली आला, चंद्रीकडे बघितलं आणि मागे सरला. म्हणाला, "आक्का, ह्ये माणसाचं शिकलंय. म्हशीचं ह्याला काय ठावं?"

"काळीज ते काळीज," मी म्हटलं. "माणसाचं कळतंय आणि म्हशीचं कळत न्हाई व्हय?"

तो थोडा वेळ घुटमळला. मग त्यालाही उत्सुकता असावी, त्याने लांब वायर खिडकीतून खाली सोडली आणि चंद्रीच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे ऐकायचं यंत्र धरायला मला सांगितलं. वरून त्याची हाक आली, हिरवा दिवा. मी विचारलं, पक्कं का? तो म्हणाला, यंत्र तर अगदी पक्कं म्हणतंय.

मी डॉक्टरला बोलावलं नाही. चार दिवस गूळ आणि ओवा चारत राहिले. जन्मभर कोणावर विश्वास ठेवला नाही आणि ठेवला तो एका दिव्यावर, कारण मला हवं तेच त्याने सांगितलं होतं. ही चूक माझी. मास्तरच्या माथी मी ती अर्धीच मारते.

पाचव्या दिवशी चंद्रीच्या छातीखाली पिशवीसारखी सूज लोंबायला लागली. तेव्हा डॉक्टर आले. म्हणाले, चार दिवस आधी बोलवायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्री गेली. उचलून नेण्याआधी डॉक्टरांनी तिला फाडून बघितलं. बोटाएवढी गंजलेली तार पोटातून पुढे सरकत थेट काळजाच्या पिशवीत घुसली होती. गल्लीच्या तोंडाला वेल्डिंगची शेड आहे. तिथली तार वैरणीत आली असणार. आमच्याकडच्या म्हशींना हे दुखणं नवीन नाही. नुसतं बघून मला ओळखायला यायला पाहिजे होतं.

ती तार धुतली आणि तशीच वर नेऊन त्याच्या पेटीसमोर ठेवली. अहो-जाहो मी तिथेच सोडलं. "ह्यो बघ तुझा हिरवा दिवा," मी म्हटलं.

मी वाट बघत होते की तो आता म्हणेल, आक्का, मी आधीच सांगितलं होतं. सांगितलं होतं हे खरं होतं. तो म्हणाला असता तर त्याच दिवशी त्याच्या ट्रंका मी रस्त्यावर ठेवल्या असत्या. तो तसं बोलला नाही. तार उचलून बोटाला लावून बघितली. मग म्हणाला, "मला शंका हुती, आक्का. यंत्राला न्हवती."

"मग तुझी शंका त्यात घाल की," मी म्हटलं आणि खाली येऊन उरलेल्या म्हशींच्या धारा काढल्या.

तार त्याने एका रिकाम्या काडेपेटीत ठेवली आणि काडेपेटी कॉम्प्युटरवर. पुढची दोन-अडीच वर्षं मी झाडायला गेले की पहिल्यांदा ती उघडून बघायची. तार असायची. मास्तर वाळला. त्याचं बोलणं कमी झालं. लोक वर येईनासे झाले, कारण त्यानेच बंद केलं. मी विचारायची नाही. विचारलं की हा पुन्हा काहीतरी गोड सांगेल, ही भीती होती.

एक दिवस तो खाली येऊन म्हणाला की पेटीला तिसरा दिवा बसवलाय, पिवळा. आधी ऐकलेल्यातलं काही नसलं किंवा स्वतःला नक्की कळत नसलं, की यंत्र पिवळा लावणार. मी म्हटलं, ही तर कामचुकार गड्याची रीत झाली. काहीही विचारलं की ठाऊक नाही म्हणायचं आणि बसून राहायचं. त्यावर तो हसला, पुष्कळ दिवसांनी. म्हणाला, "सारखाच पिवळा लागला तर चुलीत घाला."

परीक्षा मी घेतली, माझ्या पद्धतीने. त्याला वर बसवलं, खिडकीला पोतं लावलं आणि वायर खाली घेतली. कोणाला यंत्र लावायचं ते मी ठरवणार, त्याने फक्त दिवा ओरडून सांगायचा. आधी माझा दीर. हिरवा. मग मालू, तिचं अजून तसंच होतं. लाल. मग मी स्वतः, पहिल्यांदाच. हिरवा. पुन्हा मीच, त्याने अंदाजाने सांगू नये म्हणून. पुन्हा हिरवा. गिरणीचं दार. पिवळा. मग मी हळूच गोठ्यात गेले आणि नव्या म्हशीच्या डाव्या कोपरामागे यंत्र धरलं. मालू तोंडाला पदर लावून उभी होती.

"पिवळा हाय, आक्का," तो ओरडला.

"मग कोन हाय ह्यो?"

"ठावं न्हाई. पर दीर न्हवं तुमचा."

दीर सोडून सगळे हसले. मी यंत्र पुसून वर पाठवलं. त्या दिवशी त्याला न मागता वाटीभर खरवस दिला. शाबासकी दिली नाही.

पुढे त्याच्या कॉलेजातले एक मोठे साहेब आले. माडीवर बसून त्यांनी माझंच दूध पिऊन मास्तरला समजावलं की तिसरा दिवा काढून टाक. कुठलाही दवाखाना असलं यंत्र घेणार नाही, लोकांना उत्तर लागतं. नाही काढला तर आपण पाठीशी उभे राहणार नाही, असंही म्हणाले. मी जिन्यातच बसले होते. मास्तरने त्यांना काडेपेटी उघडून दाखवली. साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. ते गेल्यावर मी त्याला विचारलं, आता काय करणार? तो म्हणाला, दिवा राहील, मी जाईन.

आणि गेला. बंगळूरला कोणी त्याला पिवळ्या दिव्यासकट घेतलं. जाताना पाया पडला. मी पहिलं विचारलं, तार घेतलीस का? त्याने खिशावर हात मारून दाखवला. मी खिशात हात घालून बघितलं. होती.

त्यानंतर दर दिवाळीच्या पाडव्याला, आमच्या गल्लीत म्हशी सजवायची गडबड असते तेव्हा, त्याचा फोन यायचा. ख्यालीखुशाली विचारायच्या आधी मी विचारायची, "तार कुठं हाय?" तो लगेच म्हणायचा, "हाय की, टेबलावर." दर वर्षी तेच शब्द, तसेच झटपट. इतकं झटपट उत्तर मला पटत नाही. फेकून दिली असेल, असं मी मालूला म्हणायची. बंगळूरच्या मोठ्या ऑफिसात म्हशीच्या पोटातली तार कोण ठेवतं?

मग एका पाडव्याला फोन आला. बाहेर म्हशींच्या शिंगांना रंग लावणं चाललं होतं, गलका होता. मी विचारलं, तार कुठं हाय? पलीकडून काहीच आलं नाही. मला वाटलं फोन तुटला.

"ठावं न्हाई, आक्का," तो म्हणाला. "घर बदललं. खोक्यात असंल. नसंलबी."

"शोध मग."

"न्हाई घावली तर?"

"तर तसं सांग."

मी फोन ठेवला आणि बाहेर येऊन म्हशीच्या गळ्यात घुंगरं बांधली. मालूने विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, तार हरवली म्हणतोय. ती म्हणाली, बघ, तुझा संशय खरा निघाला.

मला उलटंच वाटत होतं. आज ठाऊक नाही म्हणाला, म्हणजे आधीच्या सगळ्या वर्षी ती तार खरंच टेबलावर असणार.