वहिनीची सर्व्हिस: जळगाव जामोदच्या बंद जिनिंगमधला पिकलबॉल

निखिलने पुण्यातल्या घरातली एक खोली आधी रंगवून घेतली आणि मग मला फोन केला. "आत्या, बाबांना घेऊनच ये. तिथं एकटे असतात, आणि सकाळी खेळताना काहीतरी विचित्र करतात असं शेजारचे सांगतात." बाबा म्हणजे माझा थोरला भाऊ. वहिनीला जाऊन वर्ष उलटलं होतं. दादाचं डोकं ठिकाणावर आहे ना ते बघायचं, नसेल तर त्याला पुण्याला आणायचं, असं ठरलं. आमच्या घरात असली कामं माझ्याच गळ्यात पडतात, कारण मी भांडायला भीत नाही.

तुम्ही जाणार असाल तर शेगावपर्यंत रेल्वे सोयीची. स्टेशनाबाहेर गरम कचोरी खा, पण एकच, कारण पुढचा रस्ता हाडं खिळखिळी करतो. तिथून जळगाव जामोदची एसटी मिळते, आणि बायकांना अर्धं तिकीट. पिण्याचं पाणी मात्र सोबत ठेवा. हा सगळा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी मचूळ लागतं. मी गेले ते थंडीत. पूर्णा नदीवर इतकं धुकं होतं की पूल आला हे मला फक्त चाकांच्या बदललेल्या आवाजावरून कळलं. पलीकडे सातपुडा असायला हवा होता, पण तो काही दिसला नाही.

स्टँडवर मी खंगलेला म्हातारा शोधत होते. समोर उभ्या असलेल्या ताठ माणसाच्या बाजूने चक्क निघून चालले होते.

"काऊन वं शैला, वयखलं नाई का मले?" दादा म्हणाला.

त्याचं सुटलेलं पोट गेलं होतं. माझी बॅग उचलून तो झपाझप चालत निघाला आणि धाप मलाच लागली. घरी त्याने स्वतः भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी मात्र शेजारून आल्या होत्या. जेवताना कळलं की डॉक्टरांनी साखरेची एक गोळी बंद केलीय, झोप शांत लागते आणि जिना चढताना गुडघा बोलत नाही. हे सगळं पिकलबॉल या टेनिससारख्या खेळामुळे, असं त्याचं ठाम मत. वहिनी शाळेत खेळाच्या बाई होत्या. पुण्यात निखिलकडे हा खेळ बघून त्यांनीच बॅटी आणल्या आणि नवऱ्याला खुर्चीतून उठवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही कोर्टवर गेलो. कोर्ट म्हणजे गावाबाहेरच्या बंद जिनिंगची, कापसातून सरकी काढायच्या कारखान्याची, सिमेंटची फरशी. पूर्वी तिथे कापसाच्या गंजी लागत. आता चुन्याच्या रेघा, मध्ये जाळी आणि मागे पत्र्याचं रिकामं शेड. चेंडू प्लास्टिकचा, भोकाभोकांचा. फटका मारला की टक्क असा आवाज होतो आणि क्षणभराने शेडच्या पत्र्यावरून तोच आवाज दबका होऊन परत येतो. धुक्यात हे ऐकताना शेडच्या आत आणखी कोणी खेळतंय असं वाटत राहतं. मी शाल घट्ट ओढून घेतली.

समोरच्या बाजूला दादाचे दोन मित्र, निवृत्त शिक्षक गवई सर आणि संत्र्याचे बागायतदार वानखडे. जाळीच्या अलीकडच्या बाजूला दादा एकटाच. मला वाटलं, चौथा यायचा असेल.

खेळ मात्र फार शहाणा आहे. कोर्ट छोटं, त्यामुळे ऊर फुटेस्तोवर पळावं लागत नाही. पण सतत वाकायचं, वळायचं, तोल सावरायचा. नजर आणि हात दोन्ही जागे राहतात. आमच्या वयाला पडण्याची भीती मोठी, त्यावर हे चांगलं औषध. फक्त आधी अंग मोकळं करा, पकड असलेले बूट घाला आणि उंच चेंडूसाठी कधीही उलट्या पावली धावू नका.

जोडीच्या डावात सर्व्हिस आधी एकाची असते. ती गेली की जोडीदाराची, मग समोरच्यांची. दादाची सर्व्हिस गेली. त्याने चेंडू शेजारच्या रिकाम्या कोपऱ्यात फरशीवर ठेवला आणि बाजूला सरकला. समोर दोघे गुडघे वाकवून, बॅटी पुढे धरून त्या कोपऱ्याकडे बघत उभे राहिले. मग दोघांच्याही माना एकदम, एकाच वेगाने, डावीकडून उजवीकडे वळल्या.

"नेटमंदी गेला," गवई सर शांतपणे म्हणाले. वानखड्यांनी मान हलवली. दादाने चेंडू उचलून त्यांच्याकडे दिला.

खेळ संपल्यावर मी गवई सरांना बाजूला घेतलं. हा काय प्रकार, म्हणून जवळजवळ भांडलेच.

"ताई, वयनी गेल्यावर पयल्या दिवशी आलो, तवा भाऊची सर्व्हिस गेली," ते म्हणाले. "आमी दोघं सवयीनं वयनीच्या सर्व्हिसची वाट पाहून राह्यलो. चूक ध्यानात आली, पण हलाचं कोनी? मंग रोजच थांबतो."

"पण पॉइंट कोण ठरवतं?"

"ठरवा लागत नाई. तिघायले एकच दिसते."

त्या संध्याकाळी मी दादाला स्पष्ट सांगितलं, पुण्याला चल, निखिल काळजीत आहे. तो रागावला नाही. "सकाळी तू खेळ," एवढंच म्हणाला. "मंग तू म्हनशीन तसं."

सकाळी वानखडे लग्नाला देऊळगाव राजाला गेले होते, म्हणून मी गवई सरांच्या जोडीला उभी राहिले. थोड्याच वेळात घाम आला, खांदे मोकळे झाले आणि किती तरी दिवसांनी मी मोठ्याने हसले. मग दादाची सर्व्हिस गेली. चेंडू कोपऱ्यात. मी मनाशी ठरवलं होतं की ताठ उभी राहणार. पण माझे गुडघे आपोआप वाकले. फरशीवरचा चेंडू जागचा हलला नव्हता. फटक्याचा आवाज झाला नाही. शेडच्या पत्र्यावरून मात्र तो परत आला, दबका, टक्क.

"आउट," मी म्हणाले. माझ्याच तोंडून, सगळ्यांच्या आधी.

"लांबच जाते तिची," दादा म्हणाला आणि चेंडू उचलायला वाकला. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. तरी मी पूर्ण डाव खेळले.

परतताना मी एकटीच होते. पुण्यात आता मीही सोसायटीच्या कोर्टवर जाते, कंबर सुधारली आहे, ज्यांना जमेल त्यांनी जरूर खेळावं. त्या पत्र्याच्या आवाजाला मी अजून कारण शोधते. वारा, कबुतर, काहीही चालेल.

पुण्यात पोहोचले त्याच दिवशी निखिल भेटायला आला होता. दारातच विचारलं, "बाबा का नाही आले? एकटे कसे राहणार ते?"

समजूत घालायची म्हणून मी तोंड उघडलं, आणि भलतंच बोलून गेले. "एकटे नाहीत ते," मी म्हणाले. "मी खेळले ना दोघांविरुद्ध."