बंद दारापुढची बकरी

सासूबाई होत्या तेव्हापासून आमच्या घरात पुढचं वाईट बोलायचं नाही. कोणी बोललं की त्या छताकडे बोट दाखवायच्या, "वास्तू तथास्तु म्हणते." न बोलता बी मिल बंद पडली, न बोलता बी नवरा गेला. पण सवय राहिली. मुलगा-सून कामाला सुरतेला निघाले, तेव्हा नात दारात म्हणाली, "आई आता येणार नाही." मी तिच्या तोंडावर हात ठेवला. आमच्यात ठेवतातच.

आता ती दुसरीत आहे. तिच्या हिंदी शाळेतल्या मॅडमनी बोलावलं. दिवसभर शहराच्या त्या टोकाला, मुरारला, लोकांच्या पोळ्या लाटून, तशीच गेले.

"अम्मा, कहानी से पहले मैं चित्र दिखाती हूँ. पूछती हूँ, आगे क्या होगा? सब बच्चे चिल्लाते हैं, ये मुँह नहीं खोलती. ऐसे पीछे रह जाएगी."

मी म्हटलं, "मॅडमजी, कहानी छपी है ना? तो पूछना क्यों? पढ़ लो."

त्या हसल्या. "सोचेगी तो पढ़ने में मन लगेगा. गलत बोले, चलेगा. बस पूछना, कैसे पता?" आणि पुस्तक दिलं हातात.

घरी वरण चुलीवर चढवलं आणि बसलो दोघी. पुस्तकावर चित्र होतं, बंद दार आणि पुढे बकरी उभी. पोरगी गप्प. माझी कंबर मोडलेली, डोळे मिटत होते. म्हटलं, आपणच बोलावं. "दार उघडेल."

"कशावरून?" अगदी मॅडमसारखं.

"धुराड्यातून धूर निघतोय बघ. घरात कोणी आहे."

ती चित्राकडे बघत राहिली. मग हळूच, "नाही आजी. बकरी निघून जाईल. तिचं तोंड रस्त्याकडे आहे." बोलली आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला. डोळे वर, छताकडे.

मी तो हात काढला. "बोल बाई. ते बकरीचं घर आहे, आपलं नाही. तिथली वास्तू काही म्हणत नाही."

पुस्तक उघडलं. बकरी गेली नाही, दार बी उघडलं नाही. ती उंबऱ्यावरच झोपली, सकाळपर्यंत.

"आजी, दोघी फेल!" किती दिवसांनी हसली. वरण उतू गेलं तेवढ्यात.

मग वर्गात बोलायला लागली. मॅडम म्हणाल्या, अब तो चुप ही नहीं होती. घरी बी तेच. भाजीवाला आज येणार नाही, कशावरून, तर ऊन फार आहे.

परवा सुनेचा फोन आला, स्पीकरवर ठेवला. दिवाळीला येते म्हणाली. गेल्या साली बी म्हणाली होती.

नात म्हणाली, "तू नाही येणार, आई."

"कशावरून गं?" सुनेनं विचारलं.

"येणार असतीस तर फ्रॉकचं माप विचारलं असतंस. पहिले विचारायचीस."

माझा हात उठला होता. तिच्या तोंडापर्यंत नेला नाही. पदराला पुसला आणि खाली ठेवला.

मग सून म्हणाली, "आजीला सांग, माप घे."

गुडघ्यावर हात ठेवून उठले, टेप शोधायला. ती येईल का, याचा अंदाज मी केला नाही. पोर सरळ उभी राहिली होती, दोन्ही हात पसरून.