ताईचं स्वतःचं पायथन

ताई 'नाही' ऐकून घ्यायची. पण 'नाही'चं कारण कुणी सांगितलं नाही, तर जागची हलायची नाही. "काहून नाही?" एवढंच विचारायची आणि उत्तर येईपर्यंत टेबलासमोर उभी राहायची. जबलपूरच्या आमच्या संशोधन विभागात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. तिचं घर शहरातल्याच गोरखपूर भागात, बाबा तोफांच्या कारखान्यात फिटर. रोज दुपारी त्यांना फोन करून "जयभीम बाबा, जेवले का?" विचारल्याशिवाय ती डबा उघडत नसे.

विभागात सगळ्यांना मिळून एकच सर्व्हर. त्यावरचं पायथन, म्हणजे आमचे प्रोग्राम ज्या भाषेत चालतात ती संगणकाची भाषा, इतकं जुनं, की नर्मदेच्या पुराचा अंदाज सांगणारा ताईचा प्रोग्राम त्यावर चालेचना. नवी आवृत्ती बसवायचा अधिकार फक्त सर्व्हर सांभाळणाऱ्या साहेबांना. ते म्हणाले, "एक आपके लिए पूरा सर्वर छेड़ दूँ?"

"ठीक आहे. सर्व्हर त्यांचा, पण त्यातलं माझं फोल्डर तर माझं ना?" ताई मला म्हणाली. तिनं पायथनचा मूळ कोड उतरवला, सगळं आपल्याच फोल्डरात बसेल असं कॉम्प्युटरला बजावलं आणि बांधायला घेतलं. मधेच अडलं, पायथनला लागणारा तयार कोडचा एक संच, म्हणजे लायब्ररी, सर्व्हरवर नव्हती. तीही तिनं आपल्याच फोल्डरात बांधली. अखेर पडद्यावर नव्या आवृत्तीचा आकडा उमटला. मी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, "चलो, आता काम."

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचं सर्व्हरवरचं खातं बंद झालं. आम्ही साहेबांकडे गेलो.

"बिना परमिशन इंस्टॉल किया आपने. माफ़ीनामा लिखिए, खोल देता हूँ."

"सर, अपने फोल्डर में किया. आपकी एक फ़ाइल नहीं छुई. कौन सा नियम टूटा, दिखा दीजिए."

साहेबांनी नियम दाखवला नाही. ताईनंही माफीनामा लिहिला नाही. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "ताई, दोन ओळींचा प्रश्न आहे गं. इतक्या वर्षांची मेहनत जाईल." तिनं डोळे पुसले. "माफी चुकीसाठी असते. मी काय चूक करून राहिली?"

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रोग्राम चालवून दाखवायला सांगितला. "चला नहीं सकती सर. मेरा खाता बंद है," ताई म्हणाली, आणि का बंद आहे तेही भरल्या खोलीत सांगितलं. परीक्षक विभागप्रमुखांकडे वळले. "नियम में मनाही है क्या?" विभागप्रमुखांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब उठले, आपल्या खोलीत गेले, आणि थोड्याच वेळात ताईचं खातं उघडलं. प्रोग्राम पहिल्याच फटक्यात चालला.

तिला हैदराबादला नोकरी लागली. निघायच्या आठवड्यात सगळे मागे लागले, "दीदी, आपका वाला पायथन हमें दे दो." ताईनं साफ नकार दिला. "मैं गई तो मेरा खाता जाएगा, उसके साथ ये भी जाएगा. अपना-अपना बनाओ." मग एकेकाच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि प्रत्येकाकडून त्याच्याच हातानं बांधून घेतलं. माझं दोनदा बिघडलं, तर दोन्ही वेळा मलाच पुसून पहिल्यापासून करायला लावलं.

ती गेल्यावर नियमाप्रमाणे तिचं खातं पुसलं गेलं. आमची फोल्डरं साहेबांना रोज दिसत असणारच. खातं मात्र पुन्हा कुणाचं बंद झालं नाही.