दिग्याच्या पाटावर

दिग्या मेला आणि सगळ्यांनी मिळून मला त्याच्या घरचा मुलगा करून टाकलं.

मला कोणी विचारलं नाही.

आज त्याचं वर्षश्राद्ध झालं. माणसं जेवून गेली. मी बांधावर येऊन बसलोय, कारण रेंज इथेच येते.

जे त्याला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: दिगंबर, माझा शाळेपासूनचा दोस्त. खाडीच्या बांधामागची खार जमीन त्यांची. चिकण माती. पावसात पाय ओढून घेते, उन्हात फुटते आणि वर मिठाचा पांढरा पापुद्रा धरतो. पावसाळ्यात कसंबसं भात व्हायचं. बाकी वर्षभर गुरंसुद्धा फिरकत नाहीत.

तिथे भाजी करायची, हे त्याचं खूळ.

मी तेव्हा सेकंड इयरला. हजेरीवरून सरांशी भांडून वर्गाबाहेर पडलो तो परत गेलोच नाही. दिग्या मालवण स्टँडवर भेटला.

‘बरा झाला,’ म्हणाला. ‘नायतर डिग्री घेऊन गोव्याक औषधाच्या कंपनीत गोळ्यांची पाकिटां मोजीत बसतलंस. चल, फावडा धर.’

धरलं. मैत्रीसाठी, असं मीही सगळ्यांना सांगायचो.

खरं कारण दुपारी डबा घेऊन बांधावर यायचं. त्याची बहीण. नाव इथे लिहिणार नाही. खाली शेतात कधी उतरायची नाही. ‘चप्पल रुतता माझी,’ म्हणायची, डबा ठेवायची आणि चालू पडायची.

पहिल्या वर्षी मिरचीची रोपं आम्ही वरंब्याच्या डोक्यावर लावली. ऊन पडलं तसं सगळं मीठ वर डोक्यावरच चढलं. पानांच्या कडा करपल्या आणि रोपं मेली. मी फावडं फेकलं, शिव्या घातल्या, दोन दिवस तिकडे गेलो नाही.

दिग्याने परत वरंबे ओढले. या वेळी रोपं बगलेत, उतारावर लावायची आणि वरून पेंढा पसरायचा. आणि माती जिभेवर ठेवून बघायची. हो, जिभेवर.

‘कालच्यापेक्षा कमी खारट आसा. चाख.’

‘तूच खा.’

‘खा रे मेल्या. तुका जावई होवचा आसा ना? मगे सासुरवाडीची माती खावक होयी.’

मी फावडं खाली ठेवलं.

‘तुका कोणी सांगितला?’

‘डब्यात काय आसा ता तुका जेवलंस तरी ठावक नसता. डोळे रस्त्यार. माका काय आंधळो समाजतंस?’

मला वाटलं आता मारतो. तो हसला.

‘मिरची येवंदे. एक पाटी बाजारात गेली की आयेकडे मीच बोलतंय. तू तोंड उघडू नको. तू भांडण करून येतलंस.’

रोपं लावायची वेळ यायच्या आधीच, गेल्या वर्षी भातकापणीत त्याला ताप आला. पायाला विळा लागला होता. गोळी घेऊन तसाच चिखलात उतरला.

लेप्टो, चिखलातून जखमेत शिरणारा ताप.

गोव्याला नेईपर्यंत डोळे पिवळे झाले होते. परत आला तेव्हा ॲम्ब्युलन्सचा सायरन बंद होता.

तेराव्यानंतर मी एकटाच शेतात गेलो. वरंबे ओढले. बगलेत रोपं लावली. पेंढा पसरला.

मिरची आली, दिग्या.

वांगीपण आली, तांबडी भाजी आली. पहिली पाटी घेऊन मी मालवणच्या बाजारात गेलो. तासाभरात पाटी रिकामी. आणि मी रडायला लागलो. बाजूची मासेवाली म्हणाली, ‘काय रे, भाव पडलो?’

भाव चांगला होता. बोलणारा नव्हता.

तोवर काकी, म्हणजे दिग्याची आई, मला त्याच्या ताटात वाढायला लागली होती. त्याचे शर्ट घालायला दिले. देवळात भेटेल त्याला सांगायची, ‘हो माझो दुसरो झील.’

मुलगा म्हटलं की मी मान खाली घालायचो. लोकांना वाटायचं, पोरगा किती नम्र.

या मातीत पाय रुतला की जोर लावून निघत नाही. जितका ओढाल तितका आत. काकीची माया तशी आहे.

आज पंगत उठल्यावर काकी सगळ्यांसमोर म्हणाली, ‘वर्ष सरला. आता घरात सण होवक होयो. भाऊबीजेक दिग्याच्या पाटार तू बस. माझ्या चेडवान ओवाळूचा तरी कोणाक?’

दिग्याचा मामा म्हणाला, ‘बरोबर.’ सगळ्यांनी माना हलवल्या.

मी उष्टी पानं गोळा करायला लागलो. वर्गात, बाजारात, एसटीत भांडणारा मी.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. ती दारात आली.

‘आये, भाऊबीजेक खाडीक उधाण असता. कुर्ल्यांनी बांधाक बिळां पाडली तर खारा पाणी आत. तो बांध सोडून कसो येतलो?’

जी कधी बांधाखाली उतरली नाही, ती.

एवढंच बोलून आत गेली. कोणी जास्त अर्थ काढू नये. मी काढतोय तेवढा पुरे.

काकी म्हणाली, ‘मगे भरती उतारल्यार ये. मी पाट मांडून ठेवतंय.’

म्हणजे सुटका नाही.

बसलो तर ते दार कायमचं बंद. नाही बसलो तर त्या बाईचा एका वर्षात दुसरा मुलगा गेला. गोव्याला पळून गेलो तर बांधातली खेकड्यांची बिळं बुजवायला कोण? एका उधाणात आमची सगळी मेहनत खारट होईल.

काकीला फेसबुक नाही. पण वाडीतलं कोणीतरी वाचून दाखवेलच. म्हणून तिच्यासाठी लिहितो.

काकी, शेत मी करीन. तुझं दुखलंखुपलं बघीन. दारातून परत पाठवलंस तरी दुसऱ्या दिवशी येईन.

पण मी ओवाळून घेणार नाही. तुझ्या मुलीकडे मी भाऊ म्हणून कधीच बघितलेलं नाही. दिग्याला ते माहीत होतं. तिने मला काहीही म्हटलेलं नाही, तिला एक शब्द विचारू नकोस. रागवायचं ते माझ्यावर.

उद्या सकाळी येतोय. तुझ्या घरात मी कोण, ते तू सांग.

दिग्या, तुला दोन शब्द लिहायला बसलो होतो आणि हे झालं. माफ कर.

खंय आसशीत थंय बरो रव.