विटकरी नर आणि माझ्या ढाबळीचं मडकं

लोणावळ्याच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान होतं आणि दुकानाच्या पत्र्यावर माझी कबुतरांची ढाबळ. मी मान वर करून उभा राहिलो की गिऱ्हाइकाला वाटायचं, मास्तर कापडाचा विचार करताहेत. मी पाखरं मोजत असे. त्या नादात एका भारदस्त गृहस्थाच्या कोटाला मी दोन्ही बाह्या डाव्या बसवल्या. त्यांनी कोट चढवला, आरशात बराच वेळ स्वतःला न्याहाळलं आणि शांतपणे विचारलं, "पाखरं सगळी आली का?"

दुसरी लढाई पेटायच्या दोनतीन वर्षं आधीचं हे. मी पंचविशीत होतो, लग्न झालेलं नव्हतं, आणि घरात अठरा तोंडं होती, सगळी चोचीची. त्यांत एक राखी मादी होती. तिच्याविषयी मी फार बोलणार नाही, कारण सुरुवात केली तर थांबणार नाही. एवढंच सांगतो की ती धुक्यात उडायची. आमच्याकडच्या धुक्यात माणसाला समोरचं दुकान दिसत नाही. बाकीची कबुतरं अशा वेळी पंखात मान घालून बसत. ही मात्र सरळ ढगात शिरे, अर्धा तास गडप होई आणि बरोबर माझ्या पत्र्यावर उतरे, जणू वर कुणी तिला पत्ता लिहून दिला होता.

रुळांच्या पलीकडे एक म्हातारे राहत. रेल्वेत सांधेवाले म्हणून त्यांचा जन्म गेला होता. सगळं गाव त्यांना आबा म्हणे. त्यांची ढाबळ माझ्या वयापेक्षा जुनी. दोघांच्या पत्र्यांमध्ये आभाळ एकच, तेव्हा आमची पाखरं एकमेकांत मिसळायचीच.

आम्हा कबुतरवाल्यांचा याबाबत एक कडक रिवाज होता. दुसऱ्याचं पाखरू तुमच्या थव्याबरोबर तुमच्या पत्र्यावर उतरलं आणि तुम्ही ते धरलं, की ते तुमचं. ज्याचं गेलं त्यानं मागायला यायचं नाही. ज्यानं धरलं त्यानं त्याच्याविषयी चकार शब्द विचारायचा नाही. विचारलं की नाक कापलं. धरलेल्या पाखराला त्याच दिवशी आपल्या ढाबळीच्या मडक्यावर, सगळ्या पाखरांच्या रांगेत बसवून पाणी पाजायचं. तीन दिवस आपलं पाणी प्यायलं की ते आपल्या घरचं झालं.

भाद्रपदात एका दुपारी तासभर उघडीप मिळाली. राखी मादी वर गेली आणि उतरली ती आबांचा विटकरी नर बरोबर घेऊन. मी तो नर कसा धरला, हे त्या आठवड्यात बाजारात इतक्यांदा सांगितलं की शेवटी लोक मला सांगू लागले. त्याला मडक्यावर राखी मादीच्या शेजारी बसवलं. तो चोच बुडवून पोटभर प्यायला. मी पत्र्यावर उभा राहून रुळांपलीकडे पाहिलं. आबा त्यांच्या दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. रिवाज रिवाजासारखा पाळला गेला.

त्यानंतर पुन्हा झड लागली. थंड, ओली, आठआठ दिवस न हटणारी. पाखरांना गारठा बाधेल म्हणून मी ढाबळीला कोट शिवला. थट्टा नव्हे. दुहेरी गोणपाट, आत जुन्या घोंगडीचं अस्तर, चारी बाजूंनी नाड्या आणि दाराला बटणपट्टी. वारा शिरायला सुईच्या टोकाएवढी फट ठेवली नाही. कार्ल्याहून दूध घेऊन येणाऱ्या मावशी तो पाहायला शिडी चढून वर आल्या.

"मास्तर, पाखरांचं लगीन हाय का?" त्यांनी विचारलं.

"गारठ्यासाठी आहे, मावशी."

"आन् आत जीव कसा घ्यायचा त्यांनी? बटनातनं?"

मी हसलो. शिंप्याला कापडातलं दूधवालीनं शिकवावं, हे मला त्या वेळी पटलं नाही.

नवव्या दिवशी घरट्यातली दोन पिल्लं मेलेली सापडली. चोची उघड्या, घशात फाटलेल्या दुधासारखा पिवळा गोळा, आणि आंबूस वास. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. मग मोठ्या पाखरांचा श्वास वाजू लागला. संध्याकाळी ढाबळीजवळ उभं राहिलं की भाता फुटलेली पेटी कुणी वाजवतंय असं वाटे. पाखरं चोच उघडून, शेपटी खालीवर करत दम घेत होती.

राखी मादी पिसं फुलवून कोपऱ्यात बसली होती. ती दाणा उचले, चोचीत फिरवी आणि खाली टाकून देई. मी तिची चोच उघडून पाहिली. घशाच्या एका बाजूला तोच पिवळा गोळा होता, हरभऱ्याएवढा.

बाजारात सल्ल्याला तोटा नव्हता. लसूण घाला, ओव्याची धुरी द्या. मी धुरी दिली, त्या बंद कोटाच्या आत. सकाळी तीन पाखरं आडवी पडलेली होती. एका नराच्या घशातला गोळा दाभणाच्या मागच्या टोकानं खरवडून काढायला गेलो, तर भळकन रक्त आलं आणि तो माझ्या तळहातावरच गेला. त्याचं उबदार वजन हातात होतं आणि खाली दुकानात कुणीतरी पायजम्याचं माप द्यायला हाका मारत होतं. तिथंच, पत्र्यावर बसून मी ठरवलं की राखी मादी मरणार नाही. कशी ते मला ठाऊक नव्हतं. पण मरणार नाही.

मग मला राग आला, आणि तो जायला जागा होती. विटकरी नर आल्यापासून हे सुरू झालं होतं. म्हाताऱ्यानं मुद्दाम आजारी पाखरू सोडलं असणार. मी नराला टोपलीत घातलं, गळ्यातली टेप काढायचीही विसरलो आणि रूळ ओलांडून निघालो. वाटेत मी जे भाषण तयार केलं, तसं पुन्हा कधी जमलं नाही.

आबा अंगणात बसून पाखरांना पाणी द्यायच्या मातीच्या उथळ परळांवर उकळतं पाणी ओतत होते. मान वर न करता म्हणाले, "आलास? म्या म्हनलं परवाच यिशील."

"तुमचा नर आजारी होता. माझी आठ पाखरं गेली. राखी मादी जायला टेकली आहे."

त्यांनी नराला हातात घेतलं, उजेडाकडे धरून चोच उघडली आणि मला दाखवली. घसा गुलाबी, स्वच्छ. माझं भाषण तिथंच संपलं.

"ह्याला दोन वर्सांमागं झालतं त्ये," आबा म्हणाले. "ह्यो जगला. पर घशात बसतंय त्ये. ह्याला काय हुत न्हाई, पान्यातनं दुसऱ्याला देतो. म्हून ह्याचं परळ येगळं." त्यांनी भिंतीकडेला ठेवलेलं एकुलतं परळ दाखवलं.

"मग मला सांगायचं नाही?"

"इचारलंस का?"

"विचारायचं नसतं."

"मंग सांगायचंबी नसतं."

तेवढ्यात घाट चढून आलेली मालगाडी धडधडत गेली. तिचे डबे संपेपर्यंत बोलता येत नव्हतं, आणि ते बरं झालं. दोघांनाही खाली बघायला वेळ मिळाला.

"रोज सकाळी वहाना घालीत हुतो," गाडी गेल्यावर आबा म्हणाले. "तुज्याकडं यायला. रुळापातूर यायचो आन् माघारी फिरायचो. नाक आडवं यायचं, दुसरं काय. चल, मादी दाव."

आबा पहिल्यांदाच माझ्या पत्र्यावर आले. कोटाभोवती एक फेरी मारली, नाड्या ओढून पाहिल्या, आत नाक घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"ह्ये कुनी शिवलं?"

"मी."

"लय चांगलं शिवलंय. फाड."

स्वतःचं चांगलं काम उसवण्याचं दुःख शिंप्यालाच कळतं. मी टराटर फाडलं. कोटाच्या आतून घामट, कुबट वाफ बाहेर आली. आबा म्हणाले, कबुतर थंडीनं मरत नाही, ओलीनं आणि कोंडल्या हवेनं मरतं. पावसाची बाजू पत्र्यानं बंद करायची, वळचणीखाली हातभर जागा उघडी ठेवायची, म्हणजे हवा डोक्यावरून जाते, अंगावर येत नाही. ढाबळीतली ओली घाण खरवडून काढली. खाली पसरायला मावशींनी भाताचा कोरडा पेंढा आणून दिला. तो रोज बदलायचा, नाहीतर त्यालाच बुरशी धरते. पेंढ्याचा भारा खाली टाकताना मावशींनी फाटक्या कोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फक्त "बटनं काडून ठिवा" एवढंच म्हणाल्या.

आजारी पाखरं एकेक करून वेगळ्या खोक्यांत ठेवली. मडकं फोडून टाकलं. नव्या मडक्यात आबांनी मोरचुदाचा इवलासा खडा विरघळवला, पाण्याला निळी झाक आली की नाही अशी शंका यावी इतकाच. "ज्यादा झालं तर ईख," ते म्हणाले. "आन् पितळंच्या भांड्यात घालायचं न्हाई, भांडंबी जातं आन् पाखरूबी." ते पाणी थोडेच दिवस द्यायचं, मग साधं. भांडी मात्र रोज उकळत्या पाण्यानं धुवायची. गोळा ओढून काढायचा नाही. त्याला औषध लावायचं आणि तो आपणहून सुटायची वाट पाहायची.

औषध आणायला मी दवाखान्यातल्या कंपाउंडरकडे गेलो. घशाला आतून लावायचं ते तपकिरी, चिकट औषध मागितलं.

"रोगी कोण?"

"घरातलीच आहे."

"वय?"

"तीन."

"गिळताना त्रास होतो?"

"दाणे खाली टाकते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरच्या पिसाकडे पाहिलं, आणि बाटली भरून दिली.

त्यानंतरचे दिवस मी घड्याळाला बांधून घेतले. सकाळी काडीला कापूस गुंडाळून राखी मादीच्या घशाला औषध. मग भिजवलेले मूग, एकेक दाणा जिभेमागे सरकवून, एका वेळी दहाच. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. तिचा घसा इतका अरुंद झाला होता की दहा मुगांना एक सदरा शिवून व्हावा एवढा वेळ लागे. चौथ्या दिवशी ती मान टाकून पडली. शेजारचे म्हणाले, आता सोड. मी तिला शिवणयंत्राशेजारी कापसाच्या गादीवर ठेवलं, एका पायानं यंत्र चालवलं आणि दर तासाला पाण्याचे चार थेंब पाजले. आबा रोज येत. ते पायरीवर बसत, तिच्या श्वासाकडे कान देत आणि उठून जात. बरं वाटेल असं त्यांनी एकदाही काही सांगितलं नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

दहाव्या दिवशी औषध लावताना तो गोळा कापसाला चिकटून अलगद बाहेर आला. रक्ताचा थेंबही नाही. संध्याकाळी तिनं एक मूग स्वतः उचलला, गिळला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू इतके दिवस मीच तिला जेवू देत नव्हतो. श्वासातली घरघर जायला मात्र दिवाळी उजाडली. अठरांतली दहा पाखरं उरली. विटकरी नर मी परत द्यायला गेलो तर आबांनी घेतला नाही. "तुजं पानी प्यालाय. तुजाच. परळ येगळं ठिव म्हंजी झालं."

पौषातल्या स्वच्छ आभाळात राखी मादी पुन्हा उडाली. तिसऱ्या दिवशी ती आबांच्या थव्यात मिसळली आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या पत्र्यावर उतरली. आबांनी तिला धरलं. मी दारात उभा राहिलो. मागायला जायचं नसतं. त्या दिवशी माझ्या हातून एक सरळ शिवण पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भर बाजारात, आबा वहाणा वाजवत माझ्या दुकानाच्या पायरीशी आले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती आणि समोरच्या दुकानांतली माणसं उठून उभी राहिली होती. जन्मभर ज्या माणसानं धरलेल्या पाखराविषयी कुणाला काही विचारलं नव्हतं, तो घसा खाकरून मोठ्यानं म्हणाला, "मास्तर, काल एक राखी मादी धरलीया. काय झालतं का तिला?"

मी कात्री खाली ठेवली. तिला काय झालं होतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी मी सगळं सांगितलं, पिवळ्या गोळ्यापासून घरघरीपर्यंत, जणू ते त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. तेही मान डोलावत ऐकत राहिले.

"म्हंजी पंधरा दिस येगळी ठिवाया पायजे."

"ठेवा."

"पानीबी येगळं."

"ठेवाच."

पायरी उतरताना ते वळले. "मागनार न्हाईस न्हवं?"

"नाही मागणार."

सोळाव्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. आबांनी तिला आपल्या थव्याबरोबर सोडलं. नेमकं अशा हवेत तिला का सोडलं, हे मी त्यांना विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. अर्ध्या तासानं माझ्या पत्र्यावर पंखांची फडफड झाली. राखी मादी आली होती, आणि तिच्या मागोमाग आबांची दोन पांढरी कबुतरं, वाट चुकल्यासारखी इकडेतिकडे बघत.

मी दोघांना धरून वेगळ्या खोक्यात ठेवलं, त्यांच्यापुढे वेगळं परळ ठेवलं, आणि वहाणा घालून रूळ ओलांडायला निघालो.